रेनो ४ सीव्ही : एका मोटारीच्या तीन जन्मकथांची चिकित्सा

प्रस्तावना

ऑक्टोबर १९४६ मध्ये पॅरिसच्या मोटार प्रदर्शनात रेनो कारखान्याने गोलसर पाठीची, चार दारांची एक लहान कौटुंबिक गाडी मांडली. तिचे इंजिन मागे होते आणि सामानाची जागा पुढे. नाव होते '४ सीव्ही'. 'सीव्ही' ही अक्षरे फ्रान्समधील करआकारणीसाठी ठरवलेल्या अश्वशक्तीची निदर्शक आहेत. इंजिनाच्या प्रत्यक्ष शक्तीचे ते माप नव्हे. आकार आणि पिवळसर रंग यांमुळे लोकांनी या गाडीला 'लोण्याचा गोळा' म्हटले. हा रंग जर्मन सैन्याच्या आफ्रिकेतील वाहनांसाठी केलेल्या रंगाच्या उरलेल्या साठ्यातून आला, असे सांगितले जाते. ऑगस्ट १९४७ मध्ये सुरू झालेले तिचे उत्पादन जुलै १९६१ मध्ये थांबले. तोवर ११ लाख ५ हजारांहून अधिक गाड्या तयार झाल्या होत्या. दहा लाखांचा टप्पा ओलांडणारी ही पहिली फ्रेंच मोटार होय.

येथपर्यंतची माहिती निर्विवाद आहे. वाद आहे तो 'ही गाडी कोणाची?' या प्रश्नाविषयी. या प्रश्नाची तीन उत्तरे प्रचलित आहेत. पहिल्या उत्तरानुसार ती जर्मन ताब्याच्या काळात गुप्तपणे काम करणाऱ्या रेनोच्या अभियंत्यांची आणि त्यांच्यामागे उभ्या असलेल्या लुई रेनो यांची. दुसऱ्यानुसार ती जर्मन अभियंता फर्डिनंड पोर्श यांच्या विचाराची फ्रेंच आवृत्ती. तिसऱ्यानुसार ती युद्धोत्तर राष्ट्रीयीकृत उद्योगाची, म्हणजे पर्यायाने फ्रेंच जनतेची. ही तीनही कथने एकाच ऐतिहासिक साधनसामग्रीवर उभी आहेत. तरी त्यांतील प्रत्येक कथन काही गोष्टी उजेडात आणते आणि काही अंधारात ठेवते. प्रस्तुत लेखात या तीन कथनांची चिकित्सा केली आहे. मोटारीचे श्रेय ठरवता ठरवता माणसांच्या दोषाचा आणि निर्दोषत्वाचा निवाडाही उरकून घेण्याची प्रवृत्ती या कथनांत दिसते. ती इतिहासदृष्ट्या कितपत ग्राह्य आहे, हा येथील मुख्य प्रश्न आहे.

पहिली कथा : गुप्त आराखडा

जून १९४० मध्ये फ्रान्सचा पाडाव झाल्यावर पॅरिसजवळील बियाँकूर येथील रेनोचे कारखाने जर्मन देखरेखीखाली गेले. ते जर्मन सैन्यासाठी मालमोटारी बनवू लागले, आणि म्हणूनच मार्च १९४२ मध्ये ब्रिटिशांनी व एप्रिल १९४३ मध्ये अमेरिकनांनी त्यांच्यावर बाँबफेक केली. या हल्ल्यांत परिसरातील शेकडो नागरिक मृत्युमुखी पडले. नागरी वापराच्या नव्या मोटारींवर काम करण्यास जर्मन अधिकाऱ्यांची बंदी होती. अशा स्थितीत फेर्नां पिकार, शार्ल-एदमों सेर आणि त्यांचे सहकारी यांनी एका लहान गाडीचे आराखडे तयार केले. १९४२ च्या अखेरीस तिचा पहिला नमुना सिद्ध झाला आणि १९४४ मध्ये दुसरा. कारखान्यावर देखरेख करणारे विल्हेल्म फॉन उराख हे स्वतः डायम्लर-बेंझ या जर्मन कंपनीतून आलेले अभियंते होते. त्यांनी या उद्योगाकडे काणाडोळा केला, असे हे कथन सांगते.

या कथेत नाट्य आहे, आणि ती खोटी म्हणण्यास आधार नाही. तथापि ती मुख्यतः पिकार यांच्यासारख्या सहभागी अभियंत्यांच्या उत्तरकालीन निवेदनांवर उभी आहे, हे विसरता येत नाही. पिकार यांचा रेनोविषयीचा ग्रंथ १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला, म्हणजे घटनांनंतर तीन दशकांनी. या तीन दशकांत जर्मन ताब्याच्या काळात कोणी काय केले, हा फ्रान्समधील अत्यंत नाजूक प्रश्न बनला होता. अशा वातावरणात बंदी मोडून काढलेला आराखडा केवळ तांत्रिक कागद राहत नाही. तो चारित्र्याचा दाखला होतो. ज्या कारखान्यात दिवसभर शत्रूच्या मालमोटारी तयार होत, त्याच कारखान्यातील एका खोलीत भावी शांततेची गाडी आकार घेत होती. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. कथा मात्र दुसरी सांगते आणि पहिलीला पार्श्वभूमीत ढकलते.

लुई रेनो यांच्या बाबतीत ही अडचण अधिक तीव्र होते. शत्रूशी सहकार्य केल्याच्या आरोपावरून त्यांना सप्टेंबर १९४४ मध्ये अटक झाली आणि २४ ऑक्टोबर १९४४ रोजी, खटला उभा राहण्यापूर्वीच, त्यांचा मृत्यू झाला. १६ जानेवारी १९४५ च्या अध्यादेशाने त्यांची मालमत्ता जप्त होऊन कारखाना राष्ट्राच्या मालकीचा झाला. खटलाच झाला नाही, त्यामुळे न्यायालयीन निर्णयाची जागा रिकामी राहिली, आणि ही रिकामी जागा भरून काढण्यासाठी पुढे अनेकांनी त्या लहान गाडीचा उपयोग केला. लुई रेनो यांनी प्रकल्पाला मनापासून पाठिंबा दिला, की केवळ तो चालू दिला, याविषयी अभ्यासकांत एकवाक्यता नाही. समजा, पाठिंबा पूर्ण होता. तरी त्यावरून मालमोटारींच्या पुरवठ्याविषयी काहीही सिद्ध होत नाही. त्यांच्या नातवंडांनी २०११ मध्ये जप्तीविरुद्ध न्यायालयात दाद मागितली. पॅरिसच्या न्यायालयाने जानेवारी २०१२ मध्ये ती ऐकण्याचा अधिकार आपल्याकडे नसल्याचे सांगितले. प्रश्न पुन्हा अनिर्णीत राहिला. अनिर्णीत प्रश्नाला अनिर्णीत म्हणण्याचे धैर्य पहिल्या कथेत नाही, ही तिची मुख्य मर्यादा आहे.

दुसरी कथा : पोर्श यांचा हात

दुसऱ्या कथेचा उगम राजकारणात आहे. युद्धसमाप्तीनंतर जर्मनीकडून मिळावयाच्या भरपाईचा भाग म्हणून फोक्सवॅगनचा प्रकल्प फ्रान्समध्ये आणता येईल का, याची चाचपणी फ्रेंच सरकारने केली. त्या वेळी उद्योगखाते मार्सेल पॉल या कम्युनिस्ट मंत्र्यांकडे होते. फर्डिनंड पोर्श यांना चर्चेसाठी बोलावण्यात आले आणि डिसेंबर १९४५ मध्ये अटकही करण्यात आली. १९४६ मध्ये त्यांना पॅरिसच्या परिसरात ठेवून ४ सीव्हीच्या नमुन्यांविषयी त्यांचा सल्ला घेण्यात आला. पुढे त्यांची रवानगी दिजाँच्या तुरुंगात झाली आणि ऑगस्ट १९४७ मध्ये सुटका झाली. ज्या महिन्यात पोर्श तुरुंगाबाहेर आले, त्याच महिन्यात ४ सीव्ही कारखान्याबाहेर येऊ लागली. या योगायोगाने दुसऱ्या कथेला मोठेच बळ दिले.

राष्ट्रीयीकृत रेनोचे प्रमुख पिएर लफोशो यांना हा सल्ला मुळीच रुचला नव्हता. लफोशो प्रतिकार चळवळीत होते. जून १९४४ मध्ये त्यांना अटक होऊन बुखेनवाल्डच्या छळछावणीत पाठवण्यात आले होते. आपल्या कारखान्याच्या जवळजवळ पूर्ण झालेल्या गाडीवर जर्मन अभियंत्याची मोहोर उमटावी, ही कल्पना त्यांना सहन होणे शक्य नव्हते. येथेही श्रेयाचा प्रश्न आणि नैतिक प्रश्न एकमेकांत गुंतलेले दिसतात. फोक्सवॅगनच्या कारखान्यात युद्धकाळात वेठीला धरलेल्या मजुरांकडून काम करून घेतले गेले होते. अशा कारखान्याशी निगडित नावापासून आपली गाडी दूर ठेवण्याची लफोशो यांची इच्छा समजण्यासारखी आहे. परंतु इच्छा समजणे म्हणजे पुरावा मिळणे नव्हे.

तो पुरावा यंत्रातच शोधला पाहिजे. फोक्सवॅगनचे इंजिन हवेने थंड होणारे आणि आडव्या, समोरासमोरच्या सिलिंडरांचे; ४ सीव्हीचे पाण्याने थंड होणारे आणि एका ओळीतील चार सिलिंडरांचे. पहिल्याचा युद्धोत्तर आकार ११३१ घनसेंटिमीटर. दुसऱ्याचा आरंभी ७६०. १९५० मध्ये शर्यतींच्या ७५० च्या गटात बसावे म्हणून तो ७४७ करण्यात आला. फोक्सवॅगनचा सांगाडा वेगळा आणि त्यावर बसवलेले शरीर वेगळे. ४ सीव्हीत सांगाडा व शरीर एकसंध. एका गाडीला दोन दारे, दुसरीला चार. साम्य उरते ते इंजिनाच्या जागेत आणि एकूण कल्पनेत. ती कल्पना मात्र १९३० च्या दशकात पोर्श यांची एकट्याची मालमत्ता नव्हती. चेकोस्लोव्हाकियात टाट्रा आणि जर्मनीत डायम्लर-बेंझ यांनी मागे इंजिन असलेल्या गाड्या बाजारात आणल्या होत्या. फोक्सवॅगन १९३९ च्या बर्लिन प्रदर्शनात जाहीरपणे मांडली गेली होती. रेनोचे अभियंते तिच्याविषयी अनभिज्ञ होते, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. सारांश, ४ सीव्ही ही नक्कल नव्हे; पण ती पोकळीत जन्मलेलीही नव्हे. 'नक्कल' आणि 'स्वयंभू' या दोनच कोटी मानल्या, तर तंत्रज्ञानाचा इतिहास लिहिताच येत नाही.

मागचे इंजिन : निवड आणि तिची किंमत

इंजिन मागे ठेवण्याचा निर्णय तिन्ही कथांत 'प्रतिभे'च्या खात्यावर जमा होतो. वस्तुतः तो हिशेबाचा निर्णय होता. इंजिन पुढे आणि चालती चाके मागे असली, तर दोहोंना जोडणारा लांब दांडा गाडीच्या पोटातून न्यावा लागतो. जमीन उंच होते, वजन आणि खर्च वाढतो. इंजिन पुढे ठेवून पुढचीच चाके चालवली, तर वळणाऱ्या चाकांना शक्ती पोहोचवणारे सांधे लागतात, आणि ते त्या काळी महाग व नाजूक होते. सित्रोएनने तो मार्ग १९३४ पासून पत्करला होता आणि १९४८ च्या प्रदर्शनात मांडलेल्या आपल्या २ सीव्हीतही तोच ठेवला. रेनोने इंजिन, गिअरबॉक्स आणि चालती चाके यांचा एकच संच करून तो मागे बसवला. जेमतेम ३.६ मीटर लांबीच्या, सुमारे ६०० किलोग्रॅमपर्यंत वजनाच्या गाडीत चार प्रौढ माणसे बसू शकली, ती या हिशेबामुळे.

या निवडीची किंमतही होती. वजनाचा मोठा वाटा मागे गेल्याने वेगात वळण घेताना गाडीची शेपटी बाहेर फेकली जाण्याचा धोका असे. मागच्या चाकांच्या झुलत्या अर्ध्या अ‍ॅक्सलमुळे तो वाढत असे. ४ सीव्हीची शक्ती व वेग दोन्ही बेताचे असल्याने हा दोष बराचसा झाकलेला राहिला. १९५६ मध्ये तिच्याच धाटणीवर आलेल्या ८४५ घनसेंटिमीटरच्या दोफिनमध्ये तो उघड झाला. दोफिन दिसायला आकर्षक होती, वीस लाखांहून अधिक खपली आणि १९५८ ची माँटे कार्लो रॅलीही तिने जिंकली. अमेरिकेत १९५९ मध्ये तिची विक्री एक लाखाच्या आसपास पोहोचली. पण १९६० मध्ये ती कोसळली. पत्र्याला लागणारा गंज, लांब पल्ल्याच्या वेगवान रस्त्यांसाठी अपुरी पडणारी बांधणी आणि वळणावरील अस्थिरता यांची चर्चा तेव्हा झाली. ४ सीव्हीचा गौरव करणारी कथने सहसा १९५६ पूर्वी थांबतात. गुण आणि दोष एकाच रचनेतून कसे निघतात, हे त्यामुळे वाचकाला दिसत नाही. १९६१ मध्ये ४ सीव्हीची जागा ज्या रेनो ४ ने घेतली, तिचे इंजिन पुढे होते आणि चालती चाकेही पुढचीच होती. १९६२ च्या रेनो ८ ने जुनी धाटणी काही वर्षे चालवली. परंतु लहान कौटुंबिक गाडीचा पुढचा मार्ग रेनो ४ नेच दाखवला.

तिसरी कथा : राष्ट्राची गाडी

तिसरी कथा सर्वांत उदात्त आहे. जप्त झालेला कारखाना राष्ट्राचा होतो, प्रतिकार चळवळीतील नेता त्याचा प्रमुख होतो आणि तो श्रीमंतांच्या मोठ्या गाडीऐवजी सामान्यांची लहान गाडी निवडतो. आधीच्या नमुन्यांना दोन दारे होती. लफोशो यांच्या काळात ती चार झाली, म्हणजे गाडी खऱ्या अर्थाने कुटुंबाची झाली. सरकारच्या मोटार उद्योगविषयक योजनेतही लहान गाडीचे काम रेनोकडे आले. फेब्रुवारी १९५५ मध्ये लफोशो स्वतः मोटार चालवत व्याख्यानाला जात असता अपघातात मृत्यू पावले. फ्लँस येथील नव्या कारखान्याला त्यांचे नाव देण्यात आले. त्यांच्या मृत्यूने या कथेला शोकात्म परिपूर्णता दिली.

पण 'जनतेची गाडी' या शब्दप्रयोगातील जनता कोण? एप्रिल १९४७ च्या अखेरीस, म्हणजे उत्पादन सुरू होण्याच्या जेमतेम साडेतीन महिने आधी, बियाँकूरच्या कामगारांनी वेतनवाढीसाठी संप पुकारला. आरंभी कम्युनिस्ट नेतृत्वाचा त्याला विरोध होता. मग पाठिंबा द्यावा लागला आणि ५ मे १९४७ रोजी कम्युनिस्ट मंत्री सरकारबाहेर गेले. ज्या कारखान्याला राष्ट्राच्या एकोप्याचे प्रतीक म्हटले जात होते, त्याच्याच आवारात त्या एकोप्याचा शेवट सुरू झाला. ४ सीव्हीच्या गौरवपर कथनांत या संपाचा उल्लेख आलाच, तर 'अडथळा' म्हणून येतो. वास्तविक तो गाडीच्या जन्मकथेचाच भाग आहे. कारण गाडी बनवणाऱ्यांना ती विकत घेण्याइतके वेतन मिळत नव्हते. १९५० च्या दशकाच्या आरंभी बहुसंख्य फ्रेंच कुटुंबांकडे मोटार नव्हतीच. पोलाद आणि पेट्रोल यांची टंचाई व परकीय चलनाची निकड असताना निर्यातीलाही प्राधान्य होते.

उत्पादनप्रक्रियेची कथाही अशीच दुर्लक्षित आहे. ४ सीव्हीचे भाग घडवण्यासाठी सेगँ बेटावरील आणि परिसरातील कारखान्यांत स्वयंचलित यंत्रमालिका बसवण्यात आल्या: एकच भाग एका यंत्राकडून दुसऱ्याकडे आपोआप सरकत जाई आणि प्रत्येक टप्प्यावर त्याच्यावर संस्कार होत. या यंत्रमालिकांचे आरेखन पिएर बेझिए यांनी केले. संगणकीय आरेखनातील वक्ररेषांना पुढे ज्यांचे नाव मिळाले, तेच हे बेझिए. चार चाकांच्या या वस्तूत त्यांचा वाटा पोर्श यांच्यापेक्षा निश्चितच मोठा आहे. पण श्रेयाच्या वादात त्यांचे नाव क्वचितच येते.

या यंत्रांनी काम कसे बदलले, याचा अभ्यास अलँ तुरेन या समाजशास्त्रज्ञाने केला. रेनोच्या कारखान्यांतील कामगारांच्या श्रमाच्या उत्क्रांतीवरील त्यांचा ग्रंथ १९५५ मध्ये प्रसिद्ध झाला. कारागिराच्या कौशल्यावर चालणारे काम, विशिष्ट यंत्रावर एकसुरी तुकड्यातुकड्यांचे काम आणि स्वयंचलित यंत्रांवरील देखरेखीचे काम, असे तीन टप्पे त्यांनी दाखवले. उत्तर आफ्रिकेतून आलेले अनेक कामगार यांतील कौशल्यविरहित कामांवर होते. मोटारीच्या इतिहासात त्यांची नावे नाहीत. तरीही इतिहास केवळ वंचनेचा नाही, हेही नोंदवले पाहिजे. सप्टेंबर १९५५ मध्ये रेनोत झालेल्या करारान्वये कामगारांना पगारी रजेचा तिसरा आठवडा मिळाला आणि पुढच्याच वर्षी तो देशभर लागू झाला. जुन्या गाड्यांच्या बाजारातून हळूहळू कामगारांच्या हाती आलेली ४ सीव्ही याच रजेत समुद्राकडे जाऊ लागली. 'जनतेची गाडी' हे वर्णन काही अंशी सार्थ ठरले ते असे: आरंभाच्या घोषणेने नव्हे, तर संप, करार आणि दुसऱ्या हाताची खरेदी यांतून.

निष्कर्ष

वरील विवेचनातून तीन गोष्टी हाती लागतात. एक, या तिन्ही कथांचा दोष असत्यात नसून एकाच जनकाच्या आग्रहात आहे. अभियंत्यांचा गुप्त आराखडा, मध्य युरोपात रुजलेली मागच्या इंजिनाची कल्पना, लफोशो यांचा निर्णय, बेझिए यांच्या यंत्रमालिका आणि हजारो कामगारांचे श्रम यांतील एकही दुवा काढला, तर ४ सीव्ही जशी झाली तशी झाली नसती. दोन, यंत्राचा पुरावा यंत्राविषयी बोलतो, माणसाच्या नैतिक जबाबदारीविषयी नव्हे. लुई रेनो यांच्यावरील आरोप या गाडीने धुतला जात नाही आणि सिद्धही होत नाही. पोर्श यांच्या सल्ल्याचा वाटा अल्प ठरला, तरी त्यांच्या युद्धकालीन जबाबदारीचा प्रश्न जागच्या जागीच राहतो. तीन, ज्या इतिहासात नमुन्यांच्या तारखा आहेत पण संपाची तारीख नाही, तो उद्योगाचा इतिहास म्हणून अपुरा आहे.

श्रेयाचा वाद कितपत वस्तुनिष्ठ असतो, याचे एक उदाहरण रेनोच्याच पुढील इतिहासात सापडते. १९९६ मध्ये कंपनीतील राज्याची बहुमताची मालकी संपली. २०१४ मध्ये तिने बऱ्याच काळानंतर पुन्हा मागे इंजिन असलेली लहान गाडी आणली. ट्विंगोची ती तिसरी पिढी होती. ती डायम्लर या जर्मन कंपनीच्या सहकार्याने तयार झाली होती, आणि ही गोष्ट लपवण्याऐवजी अभिमानाने जाहीर करण्यात आली. जर्मन हाताचा नुसता संशय १९४६ मध्ये अपमान वाटत होता. सात दशकांनी तोच हात व्यवहारचातुर्य ठरला. दोन्ही वेळी इंजिन मागेच होते. बदलला होता तो 'आपले' कशाला म्हणावे याविषयीचा समज. ४ सीव्हीची कथा यापुढे सांगणाऱ्याने हा समज गृहीत न धरता त्याचीही तपासणी करणे, हीच या इतिहासाची किमान अपेक्षा आहे.